अक्काची किडनी, माझी कातडी

भाऊबीज, १९८६. माकणी
तेल चोळता चोळता अक्काचा हात थांबला. "मानंमागं ही गाठ कधीपासनं?" मला काय माहीत, स्वतःची मान कुणाला दिसते! तिची एक किडनी पाच वर्षं माझ्यात आहे, त्यामुळं माझ्या अंगावर तिचा हक्क. म्हटलं, उन्हानं असेल. मी दूध संस्थेचा सचिव, संस्थेनं दुष्काळाचा चारा डेपो काढल्यापासून दिवसभर उघड्यावरच.

६ नोव्हें. सोलापूर
डॉ.नी गाठ काढली, तपासायला पाठवली. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्यांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद उतरते. अशा माणसाला उन्हानं कातडीचा कॅन्सर व्हायची भीती जास्त. मुंबईला किडनी बसवली तेव्हाही सांगितलं होतं म्हणे. तेव्हा जिवंत परत आलो यातच सगळे खूश, ऊन कुणाच्या ध्यानात राहतंय.

९ नोव्हें. माकणी
गोळ्याच बंद केल्या तर... अक्काला बोललो. ती चिडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "कातडं तुजं हाय, कापायचं तेवढं काप. आतलं माजं हाय. गोळी चुकवायची न्हाय." तिच्यासमोरच घेतली.

१४ नोव्हें. लोहारा
डेपोवर छत्री. रांगेतले म्हातारे आधी छत्रीकडं बघतात, मग आभाळाकडं. "सचिवसाब, पावसाचा काय सांगावा आला का?" सगळे हसले, मीही. वर कानावरून उपरणं, लांब बाह्या. नवरी दिसतो म्हणे.

२२ नोव्हें. सोलापूर
कॅन्सर नाही!! चामखीळच, जरा मोठी. डॉ.ना पुन्हा सांगायला लावलं. स्टँडवर उभ्या उभ्या भजी खाल्ली, डोळ्यांत पाणी, भजीवाला म्हणाला मिरची लागली का. लई हलकं वाटतंय. डॉ. म्हणाले, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नव्हे, अंग बघत राहायचं. एस.टी.त सावलीच्या बाजूला बसलो.

२१ डिसें. माकणी
अक्का तेलाची वाटी घेऊन तयार. "अगं, भाऊबीज वर्षातनं एकदा."
"आता दर म्हैन्याला. बस खाली."
मान, कानाच्या पाळ्या, खांदे, सगळं चाचपलं. दाजी ओट्यावरून, "बाजारात बैल घेताना बी मी एवढं बघत न्हाय." हसत होतो, तेवढ्यात डाव्या खांद्याखाली तिचं बोट थांबलं.
"काय गं?"
"तीळ हाय. जुनाच असंल."
बोट मात्र तिनं उचललं नाही.