मला पेन उचलू न देणाऱ्या आज्या

आदरणीय थोरल्या ताई, सायकाल एजे यांना बिश्केकहून धाकट्या कुबातचा वाकून सलाम. (वाकून म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात मला तीन आठवड्यांत कोणी वाकूच दिलेलं नाही, आणि तेच माझं गाऱ्हाणं आहे.) तुमचे गुडघे, मेंढ्या आणि जावई, याच क्रमाने, ठीक असावेत.

मी वर्तमानपत्रात विज्ञानाचं पान लिहितो आणि उरलेल्या वेळात झीपाराबाईंच्या प्रयोगशाळेत लहान मुलांची बुद्धी तपासायला मदत करतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातल्या पहिल्या नोकरीने आता दुसरीचा गळा धरलाय. 'आपली दीड वर्षाची पोरं न सांगता परक्याच्या मदतीला धावतात' अशी बातमी मी छापून मोकळा झालो. प्रयोग त्यानंतर सुरू झाला. (बातमीला घाई असते, विज्ञानाला नसते, पगार मी दोन्हीकडून घेतो.) शुक्रवारपर्यंत एका तरी पोराने ती बातमी खरी केली नाही, तर बाई मला काढणार.

प्रयोग सोपा आहे. मी पोरासमोर पेन पाडायचं, हात पुरत नाही असं तोंड करायचं आणि वाट बघायची. पण आपल्याकडे पोर एकटं येतं का? सोबत आजी येते. तिला गप्प बसा म्हटलं की ती गप्प राहते, आणि गप्पच उठून पेन माझ्या हातात देते. एकीने तर वर सल्लाही दिला. "कंबर धरली असेल तर लाजतोस काय बाळा? मेंढीची चरबी चोळ." दुसरीने पेनाला दोरा बांधून ते माझ्या गळ्यातच अडकवलं. पोरं बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, चघळत मजा बघतात.

काल मात्र एक पोरगी आपणहून उठली. पेन उचललं, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि नेऊन आजीला दिलं. खोलीत थोरली तीच ना. आजीने ते बाईंना दिलं (त्या माझ्याहून वर्षाने मोठ्या), बाईंनी मला. ही मदत धरायची की नाही, यावर आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. शेवटी बाई म्हणाल्या, "मदत केली, पण तुम्हाला नाही."

तब्येतीला जपा.

तुमचा कुबात

ता. क. नातू बेकनूर गुरुवारी हवा आहे. त्याला सुनेबरोबर पाठवा. तुम्ही येऊ नका. बाईंना मी काचेमागे बसवेन; खोलीत थोरला मीच असलो पाहिजे.

ता. क. २. हे वाचून तुम्ही पहिल्याच गाडीने निघाल, हे मला इथून दिसतंय. या. पेन तुमच्याकडेच येईल, बसल्या जागेवरून मला द्या. बातमीची दुरुस्ती मी आत्ताच छापायला दिली: 'मदत करतात, पण थोरल्यांना आधी.' बाईंनी काढलं तर काढू दे.

ता. क. ३. तुमचं लोण्याचं भांडं वसंतापासून माझ्याकडे पडून होतं. गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. जपून उघडा, आत मध आहे.