तिसरी प्रत दुसऱ्या घरात

मंगळवार, चौदा तारीख, सकाळी

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनचं अक्षर, 'इथे राहत नाहीत'. घर बदललंस ते बदललंस, आईला पत्ता कळवला असता तर तुझं पेन झिजलं असतं का? शेवटी तुझ्या बहिणीकडून काढून घेतला, आणि तिनेही आधी आढेवेढे घेतले. आईपासून पत्ता लपवणारी दोन्ही पोरं मीच जन्माला घातली, बोलणार कुणाला!

असो. चिरंजीवास आशीर्वाद. सूनबाईला आणि नातवालाही. त्याचे पुढचे दात आता आले असतील. इकडे सगळं ठीक. माझं शिलाई मशीन चालतंय, डोळे चालतायत. तुझे बाबा ठीक. हल्ली फारसं बोलत नाहीत.

सोबत एक डबी आहे. आधी पत्र वाच, मग ती उघड. लहानपणासारखी घाई करू नकोस.

तुला सांगते, गेले पंधरा दिवस मी कॉम्प्युटर शिकतेय! हसू नकोस. तुझ्या भाचीने तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवला होता. त्यात एक्केचाळीस रेकॉर्डिंगं आहेत. कशाची ते पुढे सांगते. तिने त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून दिली आणि बजावलं, "आजी, ही जपून ठेव." मी जपली. कुठे? तर कॉम्प्युटरलाच खोचलेली ठेवली, म्हणजे हरवायला नको!

मग एका दुपारी वीज गेली, आली ती एवढ्या जोरात आली की फट् आवाज आणि खोलीभर जळका वास. कॉम्प्युटर गेला, आणि त्याला खोचलेला पेन ड्राइव्हही त्याच्या जोडीने गेला. मी तो खोका चादरीत बांधला, काखोटीला मारला आणि दुरुस्तीवाल्याकडे पळत सुटले. या वयात. एक चप्पल वाटेत राहिली.

तो म्हणाला, "आजी, प्रत कुठे आहे?"

"हे काय, इथेच खोचलीय."

"अहो, दोन्ही एकाच जागी ठेवल्यावर ती प्रत कसली?"

मेल्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. चाळीस वर्षं मी काय करत आले? गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागद कापला की दुसरा कापायचा, आणि तो शेजारणीच्या कपाटात ठेवायचा. दुकानात पाणी शिरलं तेव्हा त्या दुसऱ्या कागदांनीच आपल्याला तारलं, आठवतं ना? कागदाचं कळत होतं, यंत्रापुढे अक्कल गहाण पडली.

तीन दिवस त्याच्या दुकानाला खेपा घातल्या. चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. वरचं सगळं जळलंय, पण आतली डिस्क वाचलीय. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस! मी दुकानातच त्याच्या पाठीत धपाटा घातला. आनंदाचा होता, पण लागला असावा.

मग मी त्याला सोडलाच नाही. म्हटलं, आता मला पक्कं काय ते सांग. तो म्हणे, "पुन्हा पेन ड्राइव्ह घ्या." म्हटलं, नको, एकदा हात पोळलेत. "मग इंटरनेटवर ठेवा." म्हटलं, ते कुणाचं घर? किल्ली कुणाकडे? विचारून विचारून त्याचा चहा गार केला. शेवटी असं ठरलं. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. ती रविवारी दुरुस्त झालेल्या कॉम्प्युटरला जोडायची, काम झालं की काढून माझ्या कात्रीच्या खणात. दुसरी इंटरनेटवर, तिचा पासवर्ड तुझ्या भाचीकडे आणि माझ्या वहीत. आणि तिसरी दुसऱ्या गावात, विश्वासाच्या माणसाच्या घरी. आग लागो, पूर येवो, दोन्ही घरं एकदम जात नाहीत. शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येक प्रत उघडून ऐकायची. अंगावर घालून बघितल्याशिवाय झंपर बसला म्हणायचं नाही, तसंच हे.

आता कशाची रेकॉर्डिंगं ते ऐक. तुझ्या बाबांच्या आवाजाची.

मी वर लिहिलं, 'हल्ली फारसं बोलत नाहीत'. फारसं नाही, बोलतच नाहीत. घशात गाठ निघाली. ऑपरेशनात स्वरयंत्र काढावं लागलं, त्याला आता चार महिने होतील. गाठ गेली, जेवतात, फिरतात, माझ्यावर डोळे वटारतात. आवाज तेवढा नाही. तुला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती, आणि मी ती पाळली. ती माझी चूक, बाकी कुणाला बोल लावू नकोस.

भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. तीन गल्ल्या पलीकडून ओळखू यायचा तो आवाज. सहा वर्षांपूर्वी त्याच आवाजात तुला दारातून घालवला, तेही सगळ्या आळीने ऐकलं. तोच आवाज जाणार म्हटल्यावर ऑपरेशनच्या आधी आठवडाभर तुझ्या भाचीने त्यांच्यापुढे फोन धरला. कांद्याचे लिलाव आहेत, मला घातलेल्या शिव्या आहेत, एक नुसतं घोरणं आहे.

सतरा नंबरचं तू एकटा ऐक. गच्चीतून तुला जेवायला हाक मारायचे, तशी हाक आहे. "ए भोपळ्या, घरी ये रे, ताट वाढलंय." कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून मारली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसले.

आता ते चमच्याने बोलतात. टेबलावर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "तिसरी प्रत कुणाकडे ठेवणार?" मी सोबत आलेल्या तुझ्या बाबांकडे बघितलं. टेबलही नव्हतं तिथे. त्यांनी खिशातून चमचा काढला आणि काउंटरवर हाणला. एकच. काच तडकायची राहिली. डबीवरचं 'भोपळा' हे अक्षर त्यांचं आहे, बघ ओळखतोस का.

तेव्हा डबीतली डिस्क नीट ठेव, कॉम्प्युटरपासून लांब, आणि महिन्यातून एकदा ऐक. हे काम तुझं, सूनबाईवर ढकलू नकोस.

आता माझा शब्द मोडायचा नाही. रविवारी सकाळी दहाला घरी फोन कर. मी उचलणार नाही, ते उचलतील. पलीकडून काही ऐकू आलं नाही म्हणून ठेवून देऊ नकोस. विचार, "बाबा, येऊ का?" आणि ठोके मोज.

दोघांच्या मध्ये सहा वर्षं गप्प बसलेली,
तुझी आई

ता. क. "आई, तूच सांग ना काय ते" असं मला विचारायचं नाही. उत्तर त्यांनीच द्यायचं.