बिनघड्याळाचा चहा

प्रिय ठकू,

पाकीट उघडून तू आधी आईचं अक्षर शोधशील. नाही, मीच लिहितोय. दुकान बरं चाललंय. मनगटी घड्याळं कमी झाली, पण भिंतीवरची घड्याळं लोक अजून दुरुस्तीला आणतात. आई ठणठणीत आहे आणि माझ्यावर हसायला तिला नवं निमित्त मिळालंय. मी चहा करायला शिकतोय!

तू आजारी रजेवर आहेस, झोप लागत नाही, डॉक्टरांनी शांत घरात राहायला सांगितलंय, हे आईकडून कळल्यापासून मला चैन नाही. तू इथे येऊन विसावावंस असं फार वाटतं. पण आपलं घर आणि शांत? दुरुस्तीची अकरा घड्याळं बैठकीतच टकटकत असायची. ती सगळी दुकानात नेली, खिडकीपाशी खुर्च्या मांडल्या आणि ठरवलं, रोज दुपारी दुकान पुन्हा उघडण्याआधी इथे निवांत चहा घ्यायचा. पहिल्याच दिवशी माती खाल्ली. स्टॉपवॉच लावून चार मिनिटांनी चहा गाळला, निवायला दोन मिनिटं दिली, आणि आईने वीस सेकंद आधी कप उचलला म्हणून तिच्यावर खेकसलो. ती कप घेऊन सरळ जिन्यात जाऊन बसली. निवांतपणाचा असा बोऱ्या वाजवणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

मग हातातलं घड्याळही काढून ठेवलं. आता रंग बघतो, वास घेतो. दोनदा चहा कडूजहर झाला, आई मुकाट्याने प्यायली. परवा आम्ही काही न बोलता बसलो आणि किती वेळ गेला कळलंच नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर ताटकळत होतं. मला चक्क हसू आलं.

तिथे बसलं की तुझं लहानपण आठवतं. तू दूध प्यायचीस आणि मी समोर घड्याळ धरून उभा. दुधाला सहा मिनिटं, आंघोळीला दहा. परीक्षेच्या सकाळी तुला उलटी झाली, तेव्हा पाठीवरून हात फिरवायचा सोडून मी म्हणालो, नऊ मिनिटं वाया गेली. ती नऊ मिनिटं मला अजून पाठ आहेत. तुझा चेहरा मात्र आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नव्हता. मला त्याची फार लाज वाटते, ठकू.

आता पत्राचं खरं कारण. तू फोनवर आईला म्हणालीस, महिनाभर घरी यावंसं वाटतं गं, पण बाबा असतात. फोन स्पीकरवर होता आणि मी दारातच होतो, ऐकू आलं. आईला बोल लावू नकोस, एवढं एक तिने माझ्यापासून लपवलं होतं. तू ये. दुकानाच्या माळ्यावर मी खाट टाकली आहे, महिनाभर तिथेच झोपेन, आई डबा देईल. दुपारी येऊन तुम्हा दोघींचा चहा करीन, गाळून झाकून ठेवीन आणि निघून जाईन. कधी वाटलंच, तर तिसरा कप मांड. नाही मांडलास तरी चहा रोज होईल.

तुझाच,
उशिरा शहाणा झालेला बाबा