क्रोटनवरचं पांढरं

भातकुली, २ मार्च १९३६
क्रोटनवर पांढरं आलं! चारही कुंड्यांवर. राजापेठेतल्या बाबांच्या बागेतून मांडीवर धरून आणलेली झाडं – आणि पानांवर कुणी पीठ चाळावं तसं! ओसरीवर येणारा प्रत्येकजण विचारतो. "भुरी आहे, पानांवरची बुरशी. गंधक टाकलं की जाईल," मी ऐटीत सांगून टाकलं. माळ्याची लेक ना मी!

५ मार्च
गंधक टाकलं. काही फरक नाही. रोज संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडते, सकाळी पुन्हा तेच. मामंजी हसले – "सून मोठी मालीन हाय म्हनत होते!" सगळे हसले. मीही.

९ मार्च
आज फार वाईट झालं.
सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुंड्याइले हात कोनं लावला?" मला काही कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हणवेना. तोंडातून निघून गेलं – "वच्छलाबाई बाहेरच्या होत्या तेव्हा ओसरीवर बसल्या होत्या." विटाळशीचा हात लागला की झाड जातं, असं या घरात मानतात.
वच्छलाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. भावजी तापाने गेले त्याला अजून वर्ष नाही झालं.
"मी हात नाही लावला," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१० मार्च
त्यांना चांदूर रेल्वेला भावाकडे पाठवायचं ठरलं. कायमचं.
ह्यांनी मला एकटीला गाठून विचारलं, "तू पाह्यलं होतं न?" मी हो म्हणून मान हलवली. पाहिलं होतं – ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, कुंड्यांपासून दूर. ते नाही सांगितलं.

११ मार्च
गेल्या. बैलांच्या बंडीत बसताना म्हणाल्या, "तुही झाडं चांगली होवोत बाई." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

१५ मार्च
आज पानं नीट पाहिली. आधी का नाही पाहिली!
भुरी असती तर ठिपक्याठिपक्याने वाढली असती, कोवळ्या शेंड्यावर, पानाखालीही गेली असती. हे फक्त वरून. थेंब वाळल्यासारखे गोल गोल डाग. भिंतीकडची पानं, जिथं माझा हात पोचत नाही, ती स्वच्छ! ओल्या बोटाने चोळलं – निघालं. जिभेला लावलं.
खारट!
परसातल्या विहिरीचं पाणी. गोडं पाणी गावाबाहेरून येतं. उन्हं वाढली तसं ते पिण्यापुरतंच उरायला लागलं, म्हणून मी झाडांना परसातलं घातलं. वरून शिंपडलं. मीच. रोज. घागरीवर त्याच पाण्याचा पांढरा थर बसतो, मी चिंचेने घासते – आणि पानांवर तो ओळखला नाही!

१६ मार्च
लिंबाच्या पाण्यात फडकं भिजवून एकेक पान पुसलं. मग माझ्या वाटणीच्या गोड्या पाण्याने धुतलं. कुंड्यांतही तेच ओतलं, खालून वाहून जाईस्तोवर – मातीतला खार निघावा म्हणून. यापुढे पाणी बुडाशीच घालायचं.
पानं लाल-पिवळी लखलखायला लागली. मला बघवेना.
सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य! गेली अन् झाडं सुधरली!"
मी तिथंच उभी होते. गप्प. अजूनही गप्प!

१८ मार्च
सांगितलं. चुलीपाशी, सासूबाईंना. चूक माझी, पाणी खारं होतं, वच्छलाबाईंना परत आणा.
त्यांनी भाकर उलथली. "लगन होऊन आली तवापासून त्या विहिरीचं पानी उपसून राहिली मी. तो खार व्हय, मले पयल्याच दिवशी दिसलं."
"मग काहून–"
"माह्या पोराले खाऊन बसली अन् रोज डोयापुढं! नको होती मले. तू बोलली, बरं झालं."
मी बोलले. बरं झालं!

चांदूर रेल्वे, २० मार्च
हे बडनेऱ्याच्या ठेसनापर्यंत आले, पुढे नाही. एकटी आले, जाऊबाईंना परत न्यायला. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी नाही येत. तू नसती बोलली, त दुसरं काही निंघालं असतं."
एक क्षण हलकं वाटलं मला. शी!