पुलापर्यंत न थांबता

तीर्थरूप आईस, तुझ्या घामाघूम लेकीचा नमस्कार.

माझी रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आलीय हे कळल्यापासून तू नीट झोपत नाहीस, असं दादा म्हणाला. आता निवांत झोप. कालच्या तपासणीत ती उतरलीय!

बेकरीत दिवसभर केकवर क्रीम चढवते, पण बोटसुद्धा चाटत नाही. गोडाची हुक्की आली की एक खजूर आणि भाजलेले दाणे सावकाश चघळते.

शिवाय मी पळायला लागलेय. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच बसकण मारली. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, गप्पा मारता येतील इतकंच हळू पळ," आणि त्याही सोबत यायला लागल्या. आज त्यांना तुझ्याबद्दल सांगत सांगत पुलापर्यंत न थांबता पोचले आणि आनंदानं त्यांना मिठीच मारली.

बाबांची गोळी चुकत नाही ना? मी आले की त्यांनाही पळायला नेणार. ते चालले तरी चालेल!

तुझीच,
धाकटी