खाकरायचं नाही

३ ऑगस्ट, रविवार
विहारात वाचताना आवाज गेला. खोकला मार्चपासून आहेच, त्याचं काही नाही. आज आवाजच गेला. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा. बावीस वर्षं वर्षावासाचे तीन महिने धम्मग्रंथ मी वाचते. असं कधी...
शेजारच्या विमलबाईनं आपली चटई हातभर मागे ओढली. मागून कोणीतरी, "मास्तरीणबाईले टीबी तं नाही ना व?"
थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ. कोणाकोणाला सांगू?
घरी आल्यावर सुषमाला बजावलं, मिरचीची फोडणी आणखी लांब कर. सूनबाईचं उत्तर, "आई, गॅस तं अंगणात नेलाच. आता काय वावरात जाऊन फोडणी देऊ?"

५ ऑगस्ट, मंगळ.
खो. तसाच. काढा वाढवला. आलं, मिरे, लवंग, ओवा, वर लिंबू. दिवसातून तीनदा. विहारातून येऊन साडेनवाला जेवण, मग पेलाभर काढा घेऊन लगेच आडवं व्हायचं, म्हणजे घशात मुरतो. नियमात खंड नाही.

११ ऑगस्ट, सोम.
यवतमाळ. हे आणि सुषमा बरोबर. कान-नाक-घशाची डॉक्टर, पोरगीच. नाकातून नळी घातली. पडद्यावर माझाच घसा, लालभडक, सुजलेला. मागे एका बाजूला तुरीच्या डाळीएवढा दाणा.
"मावशी, छातीत जळजळ?" नाही. "आंबट ढेकर?" कधीच नाही.
"तरी पोटातलं ॲसिड वर येतंय. सगळ्यांना जळजळ होत नाही."
पोटातलं! पाच महिने मी घसा शेकतेय.
सुषमानं काढ्याची यादी सांगितली. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "हे रोज? आणि पिऊन लगेच झोपता?"
मान हलवली. बी.ए. झालेली बाई मी.
गोळ्या दोन महिने. संध्याकाळी सहाला जेवण. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. काढा बंद. बोलणं कमी. खाकरायचं नाही, खाकरण्यानंच दाणा चिघळतो. तो कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासायचा.
"कॅन्सर?" मीच विचारलं.
"वाटत नाही. पण बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही."
 येताना एसटीत, बोरीचा थांबा आल्यावर हे म्हणाले, "तुह्या खाकरण्याले सारी शाळा भेत होती. डॉक्टरीणबाई नाही भ्याली." हे हसायला गेले, जमलं नाही.

१३ ऑगस्ट, बुध.
नातवाची जुनी पाटी घेतली. पहिलं लिहिलं, गॅस आत आण.
सुषमा, "आई, खाली सही करा. नाहीतर उद्या म्हणसान, म्या म्हटलंच नाही."
सही केली. पाच महिने तिनं अंगणात, छत्री धरून स्वयंपाक केला. माझ्या एका शब्दावर. माफी लिहिली नाही. पाटी लहान आहे.
दुपारी हे माझ्यासमोर तंबाखूचा खर्रा घोटत बसले. एरवी मी दारात नुसती खाकरले की पुडी खिशात. आज टाळी वाजवली. टाळीला कोणी भीत नाही.

२० ऑगस्ट, बुध.
विहारात आता सुषमा वाचते. भराभर, पूर्णविराम गिळत. तीनदा खाकरण्याची उबळ आली, पाणी प्याले. विमलबाईची चटई परत जागेवर.

१४ सप्टें., रवि.
लिहायचं नव्हतं, पण लिहिते. खो. जवळजवळ थांबला होता. परवा गार हवा सुटली म्हणून अर्धा पेला काढा घेतला, चोरून. या वयात चोरून! काल दिवसभर खोकले. सुषमानं मिऱ्यांची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. माझा हात पुरत नाही तिथे.

६ ऑक्टो., सोम.
उद्या पौर्णिमा, वाचनाची समाप्ती. परवा यवतमाळ, पुन्हा नळी. मधे फक्त एक दिवस.
सुषमानं ग्रंथ शेवटच्या पानावर उघडून समोर ठेवला. "हे पान तुमचंच, आई."
डॉक्टरनं फोनवर दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला परवानगी दिली आहे. स्वयंपाकघराचं दार आतून लोटून पहिली ओळ वाचली. आवाज आला. खरबरीत, पण आला. दुसऱ्या ओळीला मागे काहीतरी अडकल्यासारखं... दाणा की भीती, कळत नाही. खाकरले नाही.
तेवढ्यात सुषमाची फोडणी तडतडली. ठसका तिलाच लागला, मला नाही. ती डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी पण.
पाटीवर लिहिलं, पहिला परिच्छेद तू. पुढचं मी उभी राहिल्यावर बघू.