माझ्या नावाचा क्रूस

गाव्रिला,

घेवड्याचं सूप चुलीवर आहे. वर तरंगतोय तो तुझाच भुसा, काढून पी.

भाजी चिरायला मागितलेली फळी तुझ्याच्यानं चाळीस वर्षांत झाली नाही, पण माझ्या थडग्याचा क्रूस मात्र महिन्यात कोरून झाला! आपल्या गावात जो तो जिवंतपणीच करून ठेवतो, त्याचं मला काही नाही. पण त्यावर ‘इथे निजली पारास्किवा, नवऱ्याच्या कानांना आता विसावा’ असं कोरून शेजाऱ्यांना हसायला बोलावलंस? शी! किळस आली मला तुझी.

मी तोदोसियाताईकडे चालले. मरणाच्या तारखेची जागा रिकामी ठेवली आहेस ना? तिथे आजची कोर. तुझ्यापुरती मी आजच गेले.

पारास्किवा